पुलापलीकडचं पाळणाघर

चिंचणीहून काकांचा फोन आला की विषय ठरलेला असतो, डहाणूजवळ होणारं वाढवण बंदर. काका म्हणतात, "होऊ दे बंदर. तुझं युरोप बंदरांवरच मोठं झालं ना?" मागून चुलतभाऊ ओरडतो, "दादाला विचारा, तिकडे कोळ्यांना विचारून भराव घालतात की घातल्यावर विचारतात?" ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात १४०० हेक्टरांहून जास्त भराव, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला झालेलं भूमिपूजन, किनाऱ्यावरच्या गावांचा कित्येक वर्षांचा विरोध. शिवाय सप्टेंबर २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० परिषदेत जाहीर झालेला भारत–मध्यपूर्व–युरोप कॉरिडॉर, म्हणजे जहाज आणि रेल्वेने माल नेण्याचा मार्ग, आहेच. आमच्या घरात सरळ दोन तट पडलेत. फोनवर मला कुणालाच धड उत्तर देता येत नाही.

मी केलला राहतो. ऱ्हाईनच्या जर्मन काठावरचं हे लहानसं बंदराचं गाव, समोरच्या काठावर फ्रान्सचं स्ट्रासबूर. आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. नोव्हेंबर १९४४ मध्ये हे अख्खं गाव रिकामं झालं. युद्धानंतर ते फ्रेंचांच्या ताब्यात राहिलं, टप्प्याटप्प्याने परत मिळत गेलं, आणि शेवटचा भाग सुटायला एप्रिल १९५३ उजाडला. बाई तेव्हा शाळकरी मुलगी. त्या सांगतात, घरात परत आलो तर स्वयंपाकघरात दुसऱ्याच कुणाची भांडी होती. आईने ती धुऊन, पुसून, खोक्यात भरून ठेवली, कुणी मागायला येईल म्हणून. कुणी आलं नाही.

त्याच बाई आज पलीकडच्या बाजारात चीज आणायला ट्रामने जातात. स्ट्रासबूरची डी ट्राम एप्रिल २०१७ मध्ये नदी ओलांडून केल स्टेशनपर्यंत आली आणि पुढच्या वर्षी आमच्या नगरपालिकेच्या दारापर्यंत पोचली. पुलावर एक-दोन मिनिटं पाणी दिसतं, की देश बदलला. ट्रामच्याही आधी, २०१४ मध्ये, फ्रेंच काठावर दोन्ही गावांनी मिळून एक पाळणाघर काढलं. निम्मी मुलं इकडची, निम्मी तिकडची. माझी मुलगी तिथेच वाढली. संध्याकाळी घरी येऊन बाहुलीला तीन भाषांत रागवायची, आणि सगळ्यात जास्त मराठीत.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. २००५ मध्ये दोन्ही काठांनी स्ट्रासबूर–ऑर्टेनाऊ युरोडिस्ट्रिक्ट, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंचा सामायिक विभाग, स्थापन केलं. त्याच्या परिषदेत दोन्हीकडचे निवडून आलेले लोक बसतात. तिकीट कुठलं चालणार, पाळणाघराची फी कुणी किती भरायची, दवाखान्याचं बिल कुठे जाणार, अशा गोष्टींवर वर्षानुवर्षं काथ्याकूट होतो. तक्रारीही आहेतच. फ्रान्सपेक्षा सिगारेट स्वस्त म्हणून केलमध्ये तंबाखूची दुकानं फार झालीत, शनिवारी गर्दी सोसवत नाही. पण तक्रार घेऊन जायला एक दार आहे.

मार्च २०२० मध्ये, कोरोनात, तेही बंद झालं. बर्लिनने सीमा रोखली, ट्राम पलीकडेच थांबायला लागली, पादचारी पुलावर कुंपण आलं. जूनच्या मध्यापर्यंत ते उघडलं नाही. राजधान्यांनी एका रात्रीत जे बंद केलं, ते उघडावं म्हणून दोन्हीकडचे महापौर भांडत राहिले. कुणाचा माणूस कुठल्या काठावर अडकलाय हे त्यांना माहीत होतं.

काकांना मला राश्टाट या जर्मन गावाची गोष्टही सांगायची आहे. रॉटरडॅम ते जेनोआ हा युरोपचा मोठा मालवाहतूक कॉरिडॉर आमच्या जवळून जातो. १२ ऑगस्ट २०१७ रोजी राश्टाटला बोगदा खणताना वरचे रूळ खचले आणि मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद पडला. शेजारीच फ्रान्समधून रेल्वेमार्ग होता. पण त्याच्या एका तुकड्यावर विजेची तार नव्हती, आणि फ्रेंच रुळांवर गाडी चालवायला ड्रायव्हरला फ्रेंच यावं लागतं. तसे ड्रायव्हर पुरेसे मिळेनात. कंटेनर जिथल्या तिथे. अब्जावधींचा कॉरिडॉर भाषेपाशी अडला. म्हणून मला ते पाळणाघर ट्रामच्या पुलाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे बघू. श्टुटगार्ट ही आमच्या राज्याची राजधानी. तिने १९६२ मध्ये स्ट्रासबूरशी भगिनी-शहराचं नातं जोडलं आणि १९६८ मध्ये मुंबईशी. स्ट्रासबूरचं शेजारपण मुंबईला मिळणार नाही, हे उघड आहे. पण पन्नासहून जास्त वर्षांच्या या मैत्रीत बंदर, रेल्वे, कोळीवाडे हे विषय दोन महापालिकांनी टेबलावर ठेवल्याचं आमच्या घरातल्या वादात कधी कुणी बोललेलं मला आठवत नाही. आणि ठेवणार तरी कोण? मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि मुंबईत पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. बंदराचा निर्णय दिल्लीत, रस्त्यांचा मंत्रालयात. दिल्लीच्या त्या कॉरिडॉरवर जर्मनी आणि फ्रान्स दोघांनी सही केली, म्हणजे माझ्या पुलाच्या दोन्ही टोकांनी. त्यात डहाणू नगरपरिषद कुठे आहे?

काका, बंदराने गावं मोठी होतात हे खरं. पण चुलतभावाचा प्रश्न आधी येतो. समुद्रात घातलेला भराव परत काढता येत नाही, आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांचं ऐकल्याशिवाय तो घालणं मला मान्य नाही.

माझी एक मागणी आहे. श्टुटगार्टचं शिष्टमंडळ मुंबईला येईल तेव्हा त्यांना बंदराचं मॉडेल दाखवून परत पाठवू नका, डहाणूला न्या. केलसारख्या बंदराच्या गावाची आणि डहाणूची गाठ घालून द्या, नगरसेवकाशी नगरसेवकाची, मच्छीमार सोसायटीची इथल्या बंदर कामगारांशी. मराठी-जर्मन दुभाषा लागला तर मी सुट्टी काढून येईन. चिंचणीत राहायची सोय काका करतील.