लक्ष्मी रस्त्याच्या दोन टोकांना

३१ मे २०२५ला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाचा निरोप आला, तो एवढाच: "आपल्यातलं कोणी नाही." कशातलं कोणी नाही, हे कळायला मला दहा मिनिटं लागली. सदाशिव पेठेत भावे हायस्कूलजवळ, चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या मुलांमध्ये गाडी घुसली होती. बाराजण जखमी. बरेचसे एमपीएससीचा अभ्यास करणारे, म्हणजे गावाकडून आलेले आणि खोली घेऊन राहणारे. मेलबर्नमध्ये रात्र झाली होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून एकेक व्हिडिओ उघडत होते आणि टपरीमागची ती भिंत ओळखीची वाटत होती, कारण शाळेतून येताना रोज तिथूनच यायचे.

पुढचे दोन दिवस ग्रुपवर चर्चा पेटली. चालक प्यायलेला होता, त्याला जन्मभर आत टाका. टपऱ्या रस्त्यावर येतात, त्या उठवा. पोरं रस्त्यात घोळका करून उभी राहतात. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि विषय संपला. एवढ्या बोलण्यात एक प्रश्न कुणी काढला नाही: पन्नास-शंभर माणसं रोज जिथे उभी असतात, तिथवर गाडीला येताच का आलं?

हा प्रश्न मला सुचला, त्यात माझं शहाणपण काही नाही. मी ज्या शहरात राहते, त्या शहराला तो फार मोठी किंमत मोजून विचारावा लागला.

२० जानेवारी २०१७, शुक्रवार. इथे तो उन्हाळ्याच्या सुट्टीचा काळ, मुलांना घेऊन लोक शहरात आलेले. दुपारी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात एक माणूस गाडी गोल गोल फिरवत होता. बघ्यांनी ते मोबाइलवर टिपलं. मग त्याने गाडी स्वॉन्स्टन स्ट्रीटवर घातली, तिथून बर्क स्ट्रीट मॉलमध्ये. हा मॉल म्हणजे इमारत नव्हे, नुसता रस्ता, जिथे फक्त ट्राम आणि पायी चालणारी माणसं. तिथून पुढे फुटपाथवरून तो सरळ सुटला. सहाजण गेले. त्यात दहा वर्षांची एक मुलगी होती आणि बाबागाडीतलं तीन महिन्यांचं बाळ होतं. माझं ऑफिस तिथून दोन गल्ल्या पलीकडे. डबा खाऊन मी खाली उतरायच्या बेतात होते, तेवढ्यात इमारतीचे दरवाजे बंद केल्याची घोषणा झाली. संध्याकाळी सोडलं, तेव्हा रस्त्यावर इतकी शांतता होती की सिग्नलची टकटक ऐकू येत होती.

मग इथेही तेच सुरू झालं, जे आपल्याकडे होतं. हा अतिरेकी की वेडा की नशेत? त्याला काही दिवसांपूर्वीच जामीन मिळाला होता, असं निघालं, आणि सगळा राग जामिनावर गेला. सरकारने जामिनाचा कायदा कडक केला. त्या कायद्याचं पुढे काय झालं, हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं. दुकानातल्या किरकोळ चोरीसारख्या आरोपांखालची माणसंसुद्धा कोठडीत अडकू लागली, त्यात मूळनिवासी बायकांचं प्रमाण वाढलं. २०२०च्या जानेवारीत अशीच एक बाई कोठडीत आजारी पडून वारली. तीन वर्षांनी मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने हा कायदा म्हणजे निव्वळ अनर्थ आहे, असं स्वच्छ लिहिलं आणि सरकारला तो पुन्हा सैल करावा लागला.

रागाच्या भरात माणसाला धरायला गेलं की भलतीच माणसं भरडली जातात, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं. शहराने दुसरंही एक काम केलं. ते कुणाला फारसं आवडलं नव्हतं, पण त्याने कुणाचंच वाईट झालं नाही. २०१७च्या जूनमध्ये, लंडन ब्रिजवर माणसांत गाडी घालून झालेल्या हल्ल्यानंतर आठवडाभरातच, मॉलच्या तोंडाशी, स्टेशनांबाहेर काँक्रीटचे ठोकळे येऊन पडले. कमरेएवढे, राखाडी, बोजड. लोकांनी नाकं मुरडली. पण काही दिवसांत कुणीतरी एका ठोकळ्याला फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून घातली. मग दुसऱ्याला. एकावर लोकरीचं विणकाम चढलं, एकावर रंगीत चौकटी. मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम तिकडून चक्कर मारायचे. एका खोळीची शिवण मी हात लावून पाहिली, दुहेरी टीप घातलेली होती. पावसात टिकावी म्हणून कुणीतरी रात्री मशीनवर बसलं असणार.

पुढे ठोकळे गेले आणि तिथे पोलादी खांब आले. दोन खांबांमध्ये साधारण सव्वा मीटर जागा. बाबागाडी जाते, चाकाची खुर्ची जाते, मोटार जात नाही. आज तिथे उभं राहून कुणी त्या खांबाला टेकून आइस्क्रीम खातं, कुणी पिशव्या टेकवतं. त्याचं खरं बळ जमिनीच्या वर दिसत नाही, ते खालच्या पायात असतं. दीड-दोन टनांची गाडी आदळली की तो धक्का पायाने खायचा असतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला २०१७च्या मे महिन्यात एकाने फुटपाथवरून गाडी पळवली. एक मुलगी गेली, वीसच्या वर जखमी झाले, आणि ती गाडी शेवटी अशाच खांबांवर चढून तिरकी अडकली. ते खांब नसते, तर पुढे आणखी किती माणसं होती, ते त्या दिवसाचे फोटो पाहिले की कळतं.

पण खांब लावले की झालं, असं मी म्हणणार नाही. २१ डिसेंबर २०१७ला, बर्क स्ट्रीटच्या घटनेला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा फ्लिंडर्स स्ट्रीटला सिग्नलवर रस्ता ओलांडणाऱ्या लोकांमध्ये एकाने गाडी घातली. एक वृद्ध गृहस्थ नंतर दगावले. रस्ता ओलांडायच्या जागेत खांब रोवता येत नाहीत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समधल्या बर्बन स्ट्रीटची गोष्ट तर मनातून जात नाही. तिथे सरकते खांब होते, पण मार्डी ग्राच्या उत्सवात उधळलेले मणी त्यांच्या रुळांत अडकून ते निकामी व्हायचे. म्हणून ते बदलायला घेतले. काम अर्धवट असताना १ जानेवारी २०२५च्या पहाटे एकाने आडव्या लावलेल्या पोलीसगाडीच्या बाजूने, फुटपाथवरून ट्रक आत घातला. १४ माणसं गेली. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात त्याच्या दहा-बारा दिवस आधी गाडी शिरली, ती रुग्णवाहिकेसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटेने. ठोकळे होते, फट राखणारं कुणी नव्हतं. सहाजण गेले, तीनशेच्या वर जखमी झाले.

म्हणजे कच्चा दुवा बहुतेक वेळा एकच असतो: ती एक फट, तो एक रात्रीचा प्रहर, जेव्हा राखणदार चहाला गेलेला असतो.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. लक्ष्मी रस्त्यावर त्याचं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. तो म्हणाला, "अगं, तुमच्याकडे अतिरेकी हल्ले. आपल्याकडे ते गाड्याबिड्या घालत नाहीत. आपल्याकडे दारुडे."

मी म्हटलं, "मामा, संतोष माने आठव."

तो गप्प झाला. २५ जानेवारी २०१२च्या सकाळी स्वारगेट आगारातून एसटीच्याच एका चालकाने बस पळवली आणि शहरभर वाट्टेल तशी दामटली. नऊ माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. एका तरुणाने जिवावर उदार होऊन बसमध्ये शिरून ती थांबवली. खटला चालला, फाशी झाली, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. तो वेडा होता की नव्हता, यावर पुण्याने सात वर्षं चर्चा केली. त्या सात वर्षांत गर्दीचा एक तरी चौक गाडीपासून सुरक्षित झाला का? ऑक्टोबर २०२२ला सांगोल्याजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत गाडी घुसली, सात वारकरी गेले. डिसेंबर २०२४ला वाघोलीत फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला, तीनजण गेले, त्यात दोन लहान मुलं. त्याच महिन्यात कुर्ल्यात बेस्टची बस बाजारात घुसली. दर वेळी कारण वेगळं: पेंग, दारू, चालवण्याचा सराव नाही. गाडीखाली आलेल्या माणसाला त्या कारणाशी काय घेणं? अतिरेक्यासाठी लावलेला खांब दारुड्यालाही अडवतो. म्हणूनच "आपल्याकडे हल्ले नाहीत" हे उत्तर मला पटत नाही.

पटतं ते मामाचं दुसरं म्हणणं. "तुमचे खांब ठीक आहेत. पण गणपतीत आम्ही बांबू बांधतो ना, त्यात माणसं अडकतात. चेंगराचेंगरी झाली तर?" ही भीती खरी आहे. मांढरदेवीला २००५मध्ये आणि एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७मध्ये आपण ती बघितली. आणि नीट पाहिलं, तर उत्तरही याच बोलण्यात आहे. आपले बांबूचे वासे रस्त्याच्या कडेने लांबच लांब बांधलेले असतात. ते माणसाला अडवतात, गाडीला नाही. टेम्पोने धडक दिली तर वासे मोडतील आणि आतल्यांना पळायला वाट नसेल. गाडी अडवायची तर आडवं बांधायचं, रस्त्याच्या तोंडाशी, आणि मध्ये माणूस जाईल एवढ्या फटी सोडायच्या. लोकांना कोंडायचं कामच नाही.

तीच गोष्ट फुटपाथवरच्या खांबांची. पुण्यात दुचाकी फुटपाथवर चढू नये म्हणून खांब लावतात, ते बऱ्याचदा पोकळ नळीचे, जेमतेम चार बोटं सिमेंटमध्ये. टेम्पो मागे घेताना वाकतात. शिवाय इतके दाटीने की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला परत रस्त्यावर उतरावं लागतं. माझ्या मावशीचा गुडघा बदलला, तेव्हा वॉकर घेऊन तिला त्यातून निघता येईना. असे खांब नसले तरी चालतील.

आपल्या पेठांची एक जमेची बाजू मात्र इथल्या लोकांनाही सांगावीशी वाटते. वेग निम्मा झाला की धडकेची ताकद चौथाईवर येते, हे शाळेतलं विज्ञान. फ्रान्समधल्या नीसमध्ये २०१६ला गर्दीवर घातलेल्या ट्रकला समुद्रकाठचा लांबलचक सरळ रस्ता मिळाला, ८६ माणसं गेली. आपल्या बोळांना वळणं आहेत, त्यात गाडीला वेग घेता येत नाही. इथे लाखो डॉलर खर्चून रस्त्याला मुद्दाम नागमोडी वळणं देतात, ती आपल्याकडे पेशव्यांपासून आहेत. धोका सरळ आणि लांब रस्त्यांवर आहे, म्हणजे लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, आणि नेमक्या गर्दीच्या दिवशी.

२०२१पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत वाहनांना बंद ठेवते. मामा पहिल्या वर्षी विरोधात होता, दुकान बसेल म्हणाला. आता त्या दिवशी तो दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो. मला त्याचे फोटो येतात, मुलं रस्त्यात खेळताहेत, कुणी रांगोळी काढतंय. फोटो मोठा करून मी टोकाला बघते. तिथे दोन लोखंडी बॅरिकेड, चाकांवरचे, एका हाताने ढकलता येतील असे.

म्हणून मी त्याला गेल्या आठवड्यात एक गोष्ट सुचवली. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या मिरवणुकीच्या दिवशी पालिकेचेच कचऱ्याचे ट्रक वाळूने भरून रस्त्याच्या तोंडाशी आडवे लावतात. त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. पुणे महापालिकेकडे डंपर आहेत, वाळू आहे. नगरकर तालमीपाशी एक, गरुड गणपतीपाशी एक, चालक किल्लीसकट आत बसलेला. रुग्णवाहिका आली की ट्रक दोन हात मागे, ती गेली की परत जागेवर. गौरीच्या आधीच्या खरेदीच्या चार दिवसांतही हेच.

मामाने सगळं ऐकून घेतलं. व्यापाऱ्यांच्या बैठकीत विषय काढतो म्हणाला. मग विचारलं, "चालक दहा तास जागेवरून हलणार नाही म्हणतेस. त्याच्या जेवणाचं आणि बदलीच्या माणसाचं काय?"

मी म्हटलं, बदलीचा माणूस पालिकेकडून मागा, लेखी मागा. दोन्ही टोकांच्या दोन्ही चालकांच्या डब्याचे पैसे मी पाठवते, पाचही दिवसांचे.

"पैसे नकोत," मामा म्हणाला. "डबा आपल्या घरून जाईल. तू फक्त त्या फटीचं माप नीट लिहून पाठव."

१२० सेंटिमीटर. रात्रीच पाठवलं.