रुग्णाला अपिलाचा हक्क का नाही?

उपचारांत चूक झाली तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे (राज्यातल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) तक्रार करा असं तुमच्या लेखात म्हटलंय, पण पुढचं सांगितलंच नाही. परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. त्यासाठी आम्हा ठाणेकरांना जिल्हा ग्राहक आयोगात वेगळं जावं लागतं. आणि परिषदेचा निकाल पटला नाही तर? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाची तरतूद डॉक्टरांसाठी आहे, रुग्णाचा उल्लेखच नाही! ज्याचं माणूस गेलं त्याने कुठे दाद मागायची? हे कलम बदललंच पाहिजे.

तक्रारीआधी केसपेपर मात्र ताब्यात घ्या. आमच्या कळव्यातल्या शेजाऱ्यांना एका खाजगी रुग्णालयाने नुसतं टोलवलं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तसा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा कुठे मिळाले.