‘गप्प बस’ म्हटल्याने मूल गप्प बसत नाही

वाचनालयात, दवाखान्यात, सभागृहात तीन-चार वर्षांचं मूल धावायला लागलं की लोकांच्या माना वळतात आणि दहा खुर्च्यांपलीकडून आई नाहीतर बाबा ओरडतात, “ए, ओरडू नकोस!” हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, मोठ्यांचाही. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच हे मांडून ठेवलंय. म्हणजे आपण लांबून ओरडून गोंगाटात भरच घालतो. त्यापेक्षा उठा, मुलाजवळ जा, उकिडवे बसा, हळू आवाजात बोला. आणि “पळू नकोस” याऐवजी काय करायचं ते सांगा: “ही पुस्तकं त्या काकूंना नेऊन दे,” “माझं बोट धरून भिंतीपर्यंत चालत जाऊ.” हाताला काम मिळालं की बहुतेक मुलं रमतात. सगळी नाही, हेही खरं.

दुसरं, मूल आत आणण्याआधी त्याला मनसोक्त पळू दिलंय का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली 60 मिनिटं तरी चांगली धावपळीची. सकाळपासून गाडीत आणि रांगेत बसवून ठेवलेल्या मुलाकडून संध्याकाळी तासभर शांतता मागणं मला अन्यायाचं वाटतं. त्या वयात स्वतःला आवरण्याची क्षमता अजून घडतच असते.

जागेचाही दोष असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. गुळगुळीत फरशी, काचा, मोकळ्या भिंती, मूल एकदा “ओ!” करतं, आवाज घुमून परत येतो, मग ते पुन्हा पुन्हा करून बघणारच. एक जाड सतरंजी, पडदे, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या एवढ्यानेही बराच फरक पडतो. ‘लहान मुलांना आणू नये’ अशी पाटी लावण्याआधी व्यवस्थापकांनी एवढं तरी करावं.

जर्मनीने 2011 मध्ये कायदा बदलून बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे त्रासदायक प्रदूषण धरायचा नाही असं ठरवलं. मला ते मनापासून पटतं. पण मैदान वेगळं आणि दवाखाना वेगळा. शेजारी डोकं धरून बसलेल्या पेशंटला “लहान आहे हो” म्हणून गप्प करणं चूकच. तिथे मूल ऐकेनासं झालं तर न रागावता, न ओढता बाहेर न्यावं, थोडं पळवून आणावं, पाणी पाजावं, मग परत आत यावं. ही शिक्षा नाही, हे त्यालाही सांगावं. आणि ते पालक पुन्हा आत आले की बाकीच्यांनी डोळे वटारू नयेत. जे करायला हवं होतं ते त्यांनी केलेलं असतं.