एकांताचा कायदा लिहिताना घ्यावयाची काळजी

अभिनंदन! तुरुंग हा राज्यसूचीतला विषय. केंद्राने २०२३ मध्ये नमुना कायदा राज्यांकडे धाडून हात झटकले, आणि आता तुमच्या राज्याच्या नव्या कारागृह कायद्यातलं एकांत कोठडीवरच्या देखरेखीचं प्रकरण तुमच्या टेबलावर येऊन पडलं आहे. घाबरू नका. देखरेख कागदावर जितकी भरघोस, तितकी कोठडीत कमी पोहोचते.

आधी जुना माल चाळा. इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याचं कलम २९ सांगतं की, कैद्याला कोणत्याही वेळी अधिकाऱ्याशी संपर्क साधता येईल अशी सोय नसेल तर ती कोठडी एकांतासाठी वापरू नये. आणि २४ तासांहून जास्त ठेवलं तर डॉक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्याने रोज एकदा भेट द्यावी. साहेबाला केवढा कळवळा! जसंच्या तसं उचला. फक्त, हाक मारल्यावर किती वेळात यायचं हे साहेबाने लिहिलेलं नाही; तुम्हीही लिहू नका. आणि भेट म्हणजे आत शिरून तपासणं की गजांबाहेरून ‘काय, बरं आहे ना?’ विचारून वहीत सही ठोकणं, असले तपशील कायद्याला शोभत नाहीत.

दिवसांच्या हिशेबात डोकं घालूच नका. न्यायालयाने ठोठावायच्या एकांतवासाचा हिशेब भारतीय न्याय संहितेने जुन्या दंडविधानातून तसाच उतरवून घेतला आहे : एकूण ३ महिन्यांपेक्षा जास्त नाही, एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. हे कलमच काढून टाका, असं विधी आयोगाने १९७१ मध्ये सुचवलं होतं. आयोग सुचवतोच. कैद्यांना कसं वागवावं यावरचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सलग १५ दिवसांच्या पुढे बंदी घालतात आणि आपले १४ आहेत. एका दिवसाच्या फरकाने आपण सुसंस्कृत ठरतो, हे विधेयकाच्या उद्देश व कारणांत अवश्य घाला.

अर्थात हे झालं न्यायालयाने दिलेल्या एकांताचं. अनुभवी अधीक्षक शिक्षा देतच नाही. तो कैद्याला ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ वेगळं ठेवतो. कारण नेहमी असंच गोल लिहायचं. राजस्थानातल्या तुरुंगाधिकाऱ्यांना हे जमलं नाही. त्यांनी कैद्यांना महिनोन्महिने एकेकटं डांबलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं : तुरुंगात रेंगाळणे, उद्धट वागणे, हिस्ट्री तिकीट (कैद्याच्या नोंदींचा कागद) फाडणे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे कान उपटले. (कैद्याने रेंगाळायचं नाही तर काय करायचं? त्याला कुठली गाडी पकडायची असते?) ‘सुरक्षा’ लिहिलं असतं तर विचारायची कुणाची छाती झाली असती?

फाशीच्या कैद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा सुनील बत्रा निकाल तुम्हाला आडवा येईल; बत्रा हा फाशी सुनावलेला कैदी, त्याच्याच याचिकेवर तो आला. फाशी सुनावली म्हणून एकांतात टाकता येत नाही, आणि अपील, दयेचा अर्ज सगळं संपल्याशिवाय त्याला ‘फाशीचा कैदी’ म्हणून वेगळंही काढता येत नाही, असं तो सांगतो. इतका स्पष्ट निकाल असूनही बेळगावच्या तुरुंगात एक कैदी २००६ पासून सुमारे १० वर्षे एकांतात राहिला. रोज त्याची मोजणी झाली असणार, रोज कुणी तरी सही केली असणार. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून त्याची फाशी रद्द करून किमान ३० वर्षांची कैद दिली. तेव्हा नोंदी नीट ठेवा. त्या कुणी वाचाव्यात असं मात्र कुठे लिहू नका.

तुरुंगाला भेट देऊन पाहणी करणारं अभ्यागत मंडळ हवंच. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, आणखी दोन-चार मान्यवर. बिनसरकारी अभ्यागतांच्या नेमणुका ‘प्रक्रियाधीन’ राहिल्या तरी चालतात. ‘अचानक भेट’ हे शब्द तर ठळक छापा. फाटकावर ओळखपत्र दाखवून, मोबाइल जमा करून, अधीक्षकांच्या खोलीत चहा होईपर्यंत अचानकपणा आपोआप ओसरतो.

१९७९ च्या दुसऱ्या बत्रा निकालाने मात्र पंचाईत केली आहे. एकांत कोठडी द्यायची तर सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून जायला हवं. तातडी असेल तर २ दिवसांत त्यांना कळवायला हवं. तुम्ही सरसकट ‘कळवण्यात यावे’ लिहा. कळवल्याची पोच फायलीला लागली की झालं. त्याच निकालात तक्रारपेट्याही आहेत. पेटी सर्वांना सहज पोहोचता येईल अशा जागी लावा, म्हणजे ज्याला कोठडीबाहेर सोडत नाहीत तो वगळून सर्वांना.

पण हा दुसरा निकाल मुळात आला कसा, हे नीट वाचा, कारण तुमचा खरा शत्रू तिथे आहे. तिहारमध्ये एका वॉर्डरने पैशांसाठी एका कैद्याचा भयंकर छळ केला. तो अभ्यागतांना दिसला नाही, डॉक्टरांच्या वहीतून न्यायालयात पोहोचला नाही. फाशीची शिक्षा झालेल्या बत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. म्हणजे आजवरची सगळ्यात कामाची तपासणी एका कैद्याने दुसऱ्यासाठी केली, बिनपगारी.

तेव्हा समित्या हव्या तेवढ्या नेमा, पण एकांतातल्या माणसाला शेजारी मिळणार नाही याची तजवीज करा. आजूबाजूच्या कोठड्या ‘दुरुस्तीसाठी’ रिकाम्या ठेवता येतात. आणि कागद-पेन ही सवलत आहे, हक्क नव्हे, असं एक पोटकलम जोडा. देखरेखीच्या प्रकरणात नको, तिथे वकील वाचतात. अंथरूण, साबण आणि तेलाच्या यादीखाली टाका.