खुनी कोण ते मला सांगू नका

आज जेवताना भाच्याने खुनी कोण ते सांगून टाकलं. वरणभात कालवता कालवता. "मामा, तुझा तो पिक्चर यूट्यूबवर आहे की. दुप्पट स्पीडने बघितला." आणि नाव सांगून मोकळा!

अकरा वर्षं मी त्या जुन्या हिंदी रहस्यपटाची दुसरी सीडी शोधतोय. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून साठ रुपयांना व्हीसीडी आणली, घरी येऊन बघतो तर पहिली बरोबर आणि दुसरीच्या जागी भजनं. खून झालाय, इन्स्पेक्टर जिना चढतोय, आणि एकदम टाळ-मृदंग. बाबा म्हणाले, "कंपाउंडर. लाव मिसळीची पैज."

जाणकार लगेच 'बाज़ी' नि 'सी.आय.डी.' सुचवतील. बघितलेत हो. ते सगळ्यांचेच आहेत. मला दिग्दर्शक एन. ए. अन्सारी लागतात. 'ब्लॅक कॅट' (१९५९), 'टॉवर हाउस' (१९६२). 'ब्लॅक कॅट'ला संगीत आपल्या गोव्याच्या एन. दत्तांचं, त्यात लता-रफींचं एक गाणं इतकं गोड की खून कुणाचा झाला तेच विसरावं.

सुमार असतात हे पिक्चर? असतात. विनोदी पात्र तर छळतं. पण दिवाणखाना कुठल्याही स्टुडिओत उभा राहतो, पाठलागाला रस्ता लागतो. आणि रस्ता आला की जुनी मुंबई आलीच, ट्रामसकट. ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली ती ट्राम. बाबा तिथे पॉज करायला लावायचे. खुनी पळतोय आणि बाबा म्हणतायत, "थांब, हे खोदादाद सर्कल आहे का बघू दे." पहिली सीडी आम्ही वीसेक वेळा तरी बघितली असेल.

यूट्यूबवर कुणीतरी चढवला म्हणून पिक्चर टिकला, कळतं मला. २००३ मध्ये पुण्यात जुन्या सिनेमांची नायट्रेट रिळं, ती चटकन पेट घेणारी, जळाली, ते आठवलं की चढवणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात.

पण दुप्पट स्पीड? अरे, माणूस मेलाय तिथे!

ओरडलो जरा जास्तच. पोरगं पापड तसाच टाकून उठलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, मामाचं काम केलं. रात्री आइस्क्रीम नेऊन दिलं, बोलला नाही.

कंपाउंडर नव्हता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पैज मी जिंकलो.

लिंक टाकू नका कमेंटमध्ये. दुसरी सीडी कुणाकडे असेल तर बोला. भजनांची देतो बदल्यात.