‘घरच्या पीसीत त्यांना काय मिळणार?’ त्या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला वेगवेगळ्या ग्रुपवरून सात-आठ वेळा आला. ‘रॅन्समवेअरला घाबरू नका’ अशी त्याची सुरुवात. रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. पुढे सहा मुद्दे. हे हल्ले मोठ्या कंपन्यांवर होतात, घरच्या पीसीत त्यांना काय मिळणार? अँटीव्हायरस असला की पुरे. अपडेट बंद ठेवा, पीसी स्लो होतो. फोटो गुगल ड्राइव्हवर असतातच. आणि लागलाच व्हायरस, तर पैसे भरून मोकळे व्हा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा.

मी मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. या सहांतला एकही सल्ला पाळू नका, असं कळकळीनं सांगतो. शेवटचे दोन तर हाताशी उरलेलंही घालवतील.

पहिला मुद्दा. चोराला तुमची फाइल नकोच असते. तो तिला कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. त्यामुळे बाजारात त्या फाइलची किंमत शून्य असली तरी त्याचं काही अडत नाही, तुमचा जीव तिच्यात अडकलेला असला की झालं. २०१५ साली आलेलं टेस्लाक्रिप्ट नावाचं रॅन्समवेअर गेमच्या सेव्ह केलेल्या फाइली हुडकून लॉक करायचं. त्या फाइली पोरांच्या पीसीवर असतात. २०१८ पासून पसरलेल्या स्टॉप-डीजेव्हीयू या दुसऱ्या रॅन्समवेअरची खंडणी बघा: ७२ तासांत संपर्क केला तर ४९० डॉलर, नंतर ९८०. ४९० डॉलर म्हणजे आपल्याकडे चाळीस हजारांच्या घरातली रक्कम. हा भाव घरातल्या माणसाची ऐपत बघून ठरवलेला आहे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरनं तर क्यूनॅप कंपनीच्या नॅस डब्यांवरच, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्यांवरच, हात मारला. घरोघरचे फोटो, व्हिडिओ साठवायला लोक घेतात ते हे डबे. त्यातल्या फाइली पासवर्ड लावून बांधून टाकल्या आणि किल्लीसाठी ०.०१ बिटकॉइन मागितले, तेव्हाच्या भावानं पाचशे डॉलरच्या आसपास.

आता अँटीव्हायरस. इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं इथूनच सुरू झाली.

दोन वर्षांपूर्वी माझे शाळेतले मराठीचे सर रिक्षातून सीपीयू घेऊन दुकानात आले. खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले, “अरे, आईचा आवाज उघडत नाहीये.” सरांनी आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून पीसीत ठेवल्या होत्या, त्रेचाळीस फाइली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी मशीन लावलं. ‘ओव्या ०७’च्या एमपीथ्री फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती. सगळ्याच फाइलींना तीच चार अक्षरं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल. ती उघडली की पैशाची मागणी.

सरांकडे अँटीव्हायरस नव्हता का? होता, विंडोजचा डिफेंडर चालू होता. ओव्यांचं पुस्तक जुळवायला त्यांना एक डीटीपी सॉफ्टवेअर हवं होतं. भाच्यानं त्याचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची प्रत, उतरवून दिला. त्याबरोबरच्या सूचनांत पहिली ओळ होती, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ डिफेंडरनं दोनदा लाल खिडकी दाखवली. सरांनी सूचना वाचून तो बंद केला. मग विंडोज अपडेटसारखी दिसणारी एक खिडकी आली, टक्के वाढत गेले, आणि सर चहा घ्यायला उठले. ती खिडकी खोटी होती. तिच्या आड फाइलींना कुलपं लागत होती.

सरांच्या पीसीत शिरलेलं स्टॉप-डीजेव्हीयू मुख्यतः असंच पसरलं, क्रॅक आणि कीजेनमधून (कीजेन म्हणजे लायसन्सचे खोटे नंबर बनवणारे प्रोग्रॅम). राखणदाराला आपणच सुट्टी दिली, तर तो कितीही चांगला असून काय उपयोग? आमच्या धंद्यातही ‘विंडोज मारून देतो, वर सगळे क्रॅक टाकून देतो’ असं सर्रास चालतं. गिऱ्हाइकाला ते फुकट मिळाल्यासारखं वाटतं. मला याची मनापासून चीड आहे. लिब्रेऑफिस फुकट आहे, मुक्ता आणि बालूसारखे सुरेख देवनागरी फॉन्ट फुकट आहेत. चोरीच्या मालावाचून घरचं काम अडत नाही.

दोन गोष्टी आजच करा. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील असं करा. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं, म्हणून ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं आणि माणूस क्लिक करतो. दुसरं, विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचं बटण आहे. ते आपोआप चालू नसतं, पण चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट, फोटोंच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही. कधीतरी ओळखीचा प्रोग्रॅमही अडतो, तेव्हा त्याला हातानं परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास सोसा.

अपडेट बंद ठेवण्याबद्दल एकच दाखला देतो. वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला सुटलं आणि दीडशे देशांतली दोन लाखांवर मशीन त्याच्या तावडीत सापडली. ते ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. मधे दोन महिने होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या पीसीवाल्यांनी तर हा मुद्दा विशेष मनावर घ्यावा.

‘फोटो ड्राइव्हवर असतात’ हे वाक्य बोलणाऱ्याची चूक समजण्यासारखी आहे. पण पीसीतला फोल्डर ड्राइव्हशी सिंक केलेला असेल, तर पीसीत जे होतं तेच वर होतं. इथे फाइलला कुलूप लागलं की थोड्या वेळात तीच कुलूपबंद फाइल वर जाऊन बसते. गुगल ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस ठेवतं, त्या मुदतीत लक्षात आलं तर एकेक फाइल मागे नेता येते. हजारो फोटो असले की ते काम किती जिकिरीचं होतं, ते मी करून बघितलंय. कायम यूएसबीला लावून ठेवलेल्या डिस्कचंही तेच. सरांची अशी एक डिस्क होती, तिच्यावरचाही बॅकअप लॉक झाला. बॅकअप म्हणजे तारेवेगळी ठेवलेली प्रत: डिस्क लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. जमलं तर दुसरी प्रत दुसऱ्या घरी.

पैसे भरण्याचं म्हणाल, तर २७ जून २०१७ चं नॉटपेट्या आठवा. आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यानं ठप्प केलं होतं. ते खंडणी मागायचं, पण त्याची रचनाच अशी होती की पैसे भरूनही किल्ली देता आली नसती. शिवाय पैसे भरल्याचं कळवण्यासाठी दिलेला ईमेल पत्ता काही तासांत बंद पडला. हे टोकाचं उदाहरण आहे, काही टोळ्या किल्ली देतातही. पण दिली नाही तर दाद कुणाकडे मागणार? पैसे भरण्याआधी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि ‘नो मोअर रॅन्सम’च्या साइटवर आपल्या प्रकारची किल्ली फुकट मिळते का ते बघा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ती २०१६ साली सुरू केली.

आता ‘फॉरमॅट मारा’. सगळ्यांत जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं. मे २०१६ मध्ये टेस्लाक्रिप्टच्या कर्त्यांनीच आपली मुख्य किल्ली जाहीर केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीनं स्टॉपच्या १४८ प्रकारांसाठी कुलूप उघडणारं टूल दिलं. ज्यांनी लॉक झालेल्या फाइली जपल्या होत्या, त्यांतल्या अनेकांना त्या परत मिळाल्या. ज्यांनी फॉरमॅट मारला, त्यांच्याकडे उघडायलाच काही उरलं नव्हतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी इंटरनेट तोडा, बाहेरून लावलेली डिस्क काढा. लॉक झालेल्या फाइली आणि ती रीडमी फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मग खुशाल फॉरमॅट मारा, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, कारण स्टॉपबरोबर बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही आलेला असतो.

सरांच्या प्रकाराची किल्ली मिळाली नाही. पण स्टॉप प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे साधारण दीडशे केबीच लॉक करतं. वर्डच्या फाइली तेवढ्यातच संपतात, त्या गेल्या. फोटोंचंही फारसं काही हाती लागलं नाही. एमपीथ्रीमध्ये मात्र तेवढ्या जागेत नऊ-दहा सेकंद बसतात, पुढचा आवाज शाबूत असतो. दुरुस्तीच्या टूलनं मी ‘ओव्या ०७’ चालवली. जात्याची घरघर आली आणि आजींचा आवाज ओवीच्या मधूनच सुरू झाला. सर डोळे मिटून ऐकत होते. पहिली ओळ त्यांनी स्वतः म्हटली.

लॉक झालेल्या मूळ त्रेचाळीस फाइली एका वेगळ्या डिस्कवर सरांच्या कपाटात आहेत. वर कागदाची पट्टी चिकटवून त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलंय, ‘पुसू नये’. किल्ली आली का, हे मी दर काही महिन्यांनी बघतो.