पाडव्याची कोर आणि ईदचा चांद

रमजान संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचं सार असं: ‘चंद्र एकच, मग सौदीत ईद आज आणि भारतात उद्या कशी? ग्रहणाचा सेकंद शंभर वर्षं आधी सांगता येतो, तरी हे लोक गच्चीवर उभे राहून चंद्र शोधतात. शेवटी ठरवणार कमिटीच. आपल्या ऋषींनी पंचांग केव्हाच मांडून ठेवलंय, आपल्याला वर बघावं लागत नाही.’ खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलेलं नाही. बरीच वर्षं दुर्बीण खांद्यावर मारून पुण्याच्या टेकड्या चढलोय, तेवढ्याच अधिकारावर लिहितो.

चंद्र एकच आहे, हे खरं. सूर्यास्त मात्र एक नाही. मक्का पुण्याच्या पश्चिमेला ३४ अंशांवर आहे, म्हणजे तिथे सूर्य आपल्यानंतर साधारण सव्वादोन तासांनी मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी एखादा अंश सरकलेला असतो, आणि कोवळ्या कोरीला तो एक अंश फार मोठा. हे आपल्याला नवीन वाटू नये. संकष्टीला पुण्याचा चंद्रोदय वेगळा छापतात, नागपूरचा वेगळा. नागपूरकर आपल्याआधी वीसेक मिनिटं मोदकावर बसतात, म्हणून चंद्र दोन आहेत का असं कोणी विचारत नाही. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या येतात तेव्हाही विचारत नाही.

२०२४ सालचंच घ्या. ८ एप्रिलला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं. अमावास्या संपली ती आपल्या घड्याळात रात्री ११.५१ला. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, आपला गुढीपाडवा. त्या संध्याकाळी पुण्यात सूर्य मावळला तेव्हा चंद्राचं वय होतं जेमतेम १९ तास. मी तळजाईच्या टेकडीवर होतो. पश्चिमेला क्षितिजालगत धुळीचा तपकिरी पट्टा, आणि कोर असलीच तर त्याच्या आत. मला काही दिसली नाही. केरळमध्ये ईद १० तारखेला झाली, पुण्यात ११ला.

आणि सौदीत? तिथेही १०लाच. पण मेसेजवाले समजतात तशी कोर आदल्या संध्याकाळी दिसली म्हणून नव्हे. त्यांचा २९वा रोजा ८ तारखेला होता, आणि त्या दिवशी मक्केत सूर्यास्त झाला तेव्हा अमावास्या संपलेलीसुद्धा नव्हती. कोर दिसणं अशक्य. त्यांनी ३० रोजे पूर्ण केले आणि मग ईद केली. भारतात रमजान एक दिवस उशिरा लागला होता, म्हणून आपल्याकडे ‘चांद दिसतोय का’ हा प्रश्न ९ तारखेला आला.

चंद्र दिसल्याच्या गवाहीवरून ईद जाहीर करणाऱ्या कमिटीच्या मर्जीचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधला, नियम सरळ आहे: चंद्र पाहून रोजे धरा, चंद्र पाहून सोडा, आभाळ झाकलेलं असेल तर ३० पुरे करा. चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळे प्रश्न फक्त २९व्या संध्याकाळचा. एकतीसावा रोजा कोणतीही कमिटी काढू शकत नाही.

आता ग्रहणाचा सेकंद. चंद्र कुठे आहे हे गणित सेकंदापर्यंत सांगतं, वाद नाही. पण तो माणसाच्या डोळ्याला दिसेल का, हा वेगळा प्रश्न आहे. सूर्यापासून सुमारे सात अंशांच्या आत कोर दिसतच नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दाँजाँ यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. बारा अंशांच्या पुढे, आभाळ स्वच्छ असेल तर ती सहसा दिसते. मधल्या पट्ट्यात हवेतली धूळ, क्षितिजावरचे डोंगर आणि बघणाऱ्याचे डोळे ठरवतात. म्हणजे गणित ‘आज नाही’ हे ठामपणे सांगू शकतं, ‘आज हो’ हे नेहमी नाही. इथे मेसेजवाल्यांना एक गोष्ट मान्य करून टाकतो: चंद्र क्षितिजाखाली गेलेला असताना कोणी ‘पाहिला’ अशी गवाही दिली, तर ती गणिताने बाद करावी. असं म्हणणारे मुसलमानांतही पुष्कळ आहेत.

मुसलमान गणित करत नाहीत, हेही चुकीचं. कोर केव्हा दिसेल याची कोष्टकं बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी याने नवव्या शतकात मांडली. तुर्कस्तानात महिना आज गणितानेच ठरतो. आणि लांब कशाला, आपल्या पुण्याच्या कॅम्पातले दाऊदी बोहरा मुसलमान ठरलेल्या कोष्टकाचं कॅलेंडर वापरतात. त्यात रमजान नेहमीच ३० दिवसांचा, म्हणून त्यांची ईद बऱ्याचदा बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी येते. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा एमजी रोडवर चौकशी केली असती तरी कळलं असतं.

राहिलं ‘आपल्याला वर बघावं लागत नाही’. हे वाचून मला जरा रागच आला. सूर्यसिद्धान्त या आपल्या जुन्या खगोलग्रंथात चंद्र दिसू लागण्यासाठी सूर्यापासूनचं अंतर दिलंय ते १२ अंश, आणि आपली एक तिथी म्हणजेही चंद्र सूर्यापासून बरोबर १२ अंश सरकायला लागणारा वेळ. वर पाहिल्याशिवाय असा नियम कोणी लिहितो का? बीजेची कोर हा शब्द बघून बघूनच भाषेत आला. कॅलेंडरमध्ये शुक्ल पक्षाच्या सुरुवातीला ‘चंद्रदर्शन’ छापलेलं असतं, ते काय भिंतीवर वाचायला? आणि शिवरायांच्या राजमुद्रेची सुरुवातच ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ अशी आहे. ईदसाठी शोधतात ती हीच, प्रतिपदेच्या आसपासची रेघ. पाठ सगळ्यांना आहे, पाहिलीय किती जणांनी?

पाहायची असेल तर अमावास्येच्या दुसऱ्या संध्याकाळी पश्चिम मोकळी असलेली गच्ची किंवा टेकडी गाठा. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण त्या दिशेला फिरवू नका, डोळा जाईल. मग वीस-पंचवीस मिनिटं थांबा आणि सूर्य बुडाला त्याच्या जरा वर, थोडं डावी-उजवीकडे बघत राहा. मोमिनपुऱ्यातले आमचे एक चाचा चष्मा न लावता माझ्याआधी कोर शोधतात. सत्तरी ओलांडलीय त्यांनी.